विकतचे माहेर

आपल्या मध्यमवर्गात प्रवासाला कारण लागते. लग्नकार्य, मुंज, कुणाचे आजारपण, कुलदैवत, परीक्षेचे केंद्र, यांपैकी काही एक असल्याशिवाय घराला कुलूप घालायचे नाही, असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे. नुसते जेवायला म्हणून नवराबायकोने दोन दिवसांसाठी पावणेचारशे-चारशे किलोमीटर जायचे, ही गोष्ट चाळीसगावात कुणाला सांगितली तर ऐकणारा आधी आपल्या प्रकृतीची चौकशी करतो. वास्तविक आमचे गाव जंक्शन. रात्रंदिवस गाड्या मुंबईकडे आणि भुसावळकडे धावत असतात, धुळ्याचा फाटाही इथूनच फुटतो. पण गाड्यांच्या शिट्ट्या ऐकून माणसाला प्रवासाची ओढ लागते, हा समज ज्याने कुणी पसरवला तो जंक्शनच्या गावी राहिलेला नसावा. आमच्या स्टेशनजवळच्या घरात राहून केकी मूस या कलावंताने आयुष्यातली कितीतरी दशके उंबरठा जवळजवळ ओलांडलाच नाही. घरातल्या टेबलावर देखावे मांडून त्यांची छायाचित्रे काढली आणि त्यावर मोठे नाव मिळवले. १९८९ साली ते गेले. घराबाहेर न पडण्याची एवढी थोर परंपरा गावात असताना गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रात्री मी आणि सौ. दोन पिशव्या घेऊन फलाटावर उभे होतो. मुलगा आजीपाशी, मुलगी पुण्याला वसतिगृहात, आणि आम्ही निघालो होतो मासे खायला.

सौ.चे माहेर रेवदंड्याचे. अलिबागेच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर, कुंडलिकेच्या खाडीच्या तोंडाशी. वीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन खानदेशात आली आणि तिने आमच्याकडचे सगळे मनापासून आत्मसात केले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आता ती माझ्या आईपेक्षा पातळ थापते. शेवभाजीला रस्सा किती लाल हवा, हे तिला सांगावे लागत नाही. भरताच्या वांग्याच्या बाबतीत तर ती आमच्याहून कडवी खानदेशी झाली आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पेढे तिने वाटले होते.

पण मासा ही एक गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही. तसे आमच्याकडे मासे मिळतात. गिरणा धरणातले रोहू-कटला येतात, बर्फात घातलेले समुद्राचे मासेही येतात. रोहूबद्दल तिचे मत असे, की तो स्वभावाने फार सज्जन आहे, म्हणूनच त्याला चव नाही. आणि बर्फातल्या मासळीकडे बघून ती म्हणे, ''यांचा प्रवास आपल्यापेक्षा जास्त झालाय हो.'' मग राहता राहिले सुके. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात, शिवाय तिची आई होती तोवर वर्षातून दोनदा गोणपाटात शिवलेले एक पार्सल येत असे. ते ज्या दिवशी घरी येई त्या दिवशी आमच्या आळीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होत.

आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. भाऊ मुंबईला, त्याचे तिथे बस्तान बसलेले. २०१८ साली त्याने रेवदंड्याचे घर आणि वाडी विकली. त्यात गैर काही नव्हते. पागोळ्यांखाली भिंती ढासळू लागल्या होत्या आणि वाडीला पाणी लावायला माणूस मिळेना. सौ.ने कागदांवर सह्या केल्या, आपला वाटा घेतला नाही, आणि त्यानंतर रेवदंड्याचे नाव काढले नाही.

त्यामुळे गेल्या पौषात तीच जेव्हा म्हणाली, की कुठेतरी चांगले ताजे मासे खायला जाऊ या, आणि कुठे म्हणून विचारल्यावर ''रेवदंड्याला'' म्हणाली, तेव्हा मी थोडा चमकलो. तिकडे आता वाड्यावाड्यांतून राहण्याजेवणाची घरगुती सोय होते. मुंबईची माणसे शनिवार-रविवार येतात आणि नारळी-पोफळीच्या सावलीत जेवून झोपतात. असेच एक घर मी फोनवरून ठरवले. सौ.ची एकच अट होती.

''माझं माहेर इथलं, हे कुणाला सांगायचं नाही.''

''का?''

''सांगितलं की चार घरी जावं लागतं. आणि चारही घरी एकच प्रश्न, घर का विकलंत? आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं, पैसे द्यायचे, जेवायचं आणि यायचं.''

स्वतःच्या माहेरी पैसे देऊन जेवायचे! मला हे जरा विचित्र वाटले, पण अट मान्य केली.

पहाटे मुंबईला उतरलो, गेटवेला चहा घेतला आणि लाँचमध्ये बसलो. तासाभरात मांडवा येते, आणि त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस मिळते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, हे ज्यांना जायचे असेल त्यांनी ध्यानात ठेवावे. लाँचच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा धावत होता आणि उतारू त्यांना फरसाण टाकत होते. सौ. त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे समोरच्या किनाऱ्यावर होते.

पहिले जेवण शनिवारी दुपारी. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कोलंबीचे कालवण, सोलकढी आणि तळलेले ओले बोंबील. बोंबलाबद्दल येथे चार शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण आम्हा देशावरच्या लोकांना बोंबील म्हणजे दोरीसारखा वाळका, कडक आणि वासाचा एवढेच ठाऊक. ओला बोंबील हा त्याचा कुणी नातलग वाटावा इतका वेगळा. त्याच्या अंगात मांस थोडे आणि पाणीच फार. म्हणून तो बर्फातही धड टिकत नाही, आणि म्हणूनच कोळीवाड्यात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात टांगलेले दिसतात. सुकवणे ही त्याची आवड नव्हे, नाइलाज आहे. ताजा खायचा तर तो मधोमध चिरून, काटा काढून, वर पाट्यासारखे जड काही ठेवून त्यातले पाणी दाबून काढतात, मग तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. वरचे कवच कुरकुरते आणि आतला मासा जिभेवर ठेवताच नाहीसा होतो. मी सात खाल्ले. सौ.ने किती खाल्ले ते मी मोजले नाही.

घरच्या काकू वाढत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, चटपटीत. ''तुम्ही कुठल्या?'' असे त्यांनी सौ.ला विचारले, तेव्हा ती सरळ ''चाळीसगावच्या'' म्हणाली आणि पुढे खानदेशची थंडी, केळी, कापूस यांबद्दल इतके बोलत राहिली की मलाच नवल वाटले. काकू म्हणाल्या, ''मग तुम्हाला आमचं सगळं अळणी लागत असेल.''

मला यावर मास्तरकी करण्याचा मोह झाला. रेवदंडा आणि शेजारचे चौल ही फार जुनी बंदरे. चौलची कीर्ती प्राचीन ग्रीकांच्या लेखनातही आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन याच किनाऱ्याला उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आले, कोट बांधून बसले आणि १७४० साली मराठ्यांच्या हाती ठाणे सोडून गेले. आमच्या खानदेशी ठेच्यातली मिरची ही मुळात अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आली. नेमकी याच धक्क्यावर उतरली असे मी म्हणणार नाही, पण समुद्रकाठच्या लोकांनी ती बेताने घेतली आणि शेकडो कोस आत राहणाऱ्या आम्ही तिचा अतिरेक केला, ही गंमत आहे खरी. एवढे सगळे मी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, ''भात घ्या अजून.''

संध्याकाळी फिरायला निघालो. कुठे जायचे हे मी ठरवत नव्हतो, तिची पावलेच जात होती. चिऱ्याचे कुंपण, दोन वळणे, एक लहान देऊळ, आणि ती थांबली. तिथे आता पांढरा बंगला होता. फाटकाला मोठे कुलूप, आत हिरवळ, हिरवळीत निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. मालक बहुधा सुटीपुरते येत असावेत. सुपारीची झाडे निम्मी उरली होती. कोपऱ्यातला फणस तसाच होता आणि त्याच्या मागे जुन्या विहिरीचा कठडा दिसत होता. सौ. फाटकाच्या गजांतून बराच वेळ बघत राहिली.

''विहीर बुजवली नाही,'' ती म्हणाली. ''बरं केलं.''

एवढेच. परत येताना ती वाटेतली झाडे कुणाकुणाची ते सांगत होती, जणू मी एखादा पाहुणा आणि ती या गावची.

त्या रात्री पोपटी होती. ज्यांना हा शब्द केवळ रंगाचा वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. माघ-पौषात या भागात वालाच्या शेंगा भरतात आणि शेताच्या बांधावर भांबुर्डा नावाची एक उग्र वासाची पालेभाजीसारखी वनस्पती आपोआप माजते. एका मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडे मीठ, बटाटे, कांदे, हवी तर अंडी, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, आणि वरून पुन्हा पाल्याचे बूच ठासायचे. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. ते चर्रकन उडून गेले की पोपटी झाली. मग मडके काठीने ओढून घ्यायचे आणि सगळ्यांनी गोल बसून कागदावर ओतून खायचे. शेंगेला धुराचा, ओव्याचा आणि त्या पाल्याचा असा काही वास लागतो की हात थांबत नाही.

मी त्या जाळाकडे बघत बसलो होतो आणि मला आमच्याकडची भरीत पार्टी आठवत होती. तोच थंडीचा महिना, तेच शेत, तशीच रात्र. आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी उखळात ठेचतात, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल घालतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर बांधावर बसून खातात. कोकण आणि खानदेश यांच्यामध्ये सह्याद्री आहे, भाषेचा बाज वेगळा, भाकरी वेगळी. पण पीक हाती आल्यावर घरातल्या चुलीला सुट्टी देऊन शेतातच जाळ करायचा, ही बुद्धी दोघांनाही सारखी सुचली. विशेष हे, की दोन्हीकडे या स्वयंपाकात पुरुष पुढे असतात. वर्षातून एक रात्र जाळ सांभाळला म्हणून ते पुढे वर्षभर त्याचे वर्णन करतात, हेही दोन्हीकडे सारखेच.

रविवारी सकाळी घावने खाऊन आम्ही काकूंबरोबर मासळी आणायला गेलो. इथे सौ.चे सोंग उघडे पडले, आणि ते पडणारच होते. एक वेळ बोलणे लपवता येते, हात कसे लपवणार? कोळणीच्या पाटीपुढे ती उकिडवी बसली, सरंगा उचलला, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला. दाबल्यावर पांढरे पाणी आले तर ताजा, लालसर आले तर शिळा, हे मला तिने नंतर सांगितले. तेव्हा तर ती काहीच न बोलता भराभर मासे डावे-उजवे करत होती. कोळीण तिच्या हातांकडे बघत राहिली.

''तू इकडचीच ना गो बाय? कुनाची?''

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मग काकूंकडे, मग हळूच वडिलांचे नाव सांगितले.

''मास्तरांची?'' कोळीण म्हणाली. ''अगो, तुजा बापूस पापलेट कदी घ्यायचा नाय. मांदेली घ्यायचा. दर आयतवारी मांदेली.''

पाच माणसांचे कुटुंब आणि प्राथमिक शाळेच्या मास्तरचा पगार. त्यात पापलेट बसत नसे. सौ. हसली आणि तिने सरंगा परत पाटीत ठेवला. ''मांदेलीच दे मग,'' ती म्हणाली. कोळणीने वाटा मोजला आणि वर दोन मुठी टाकल्या. घर का विकले, हे तिने विचारले नाही.

काकू वाटेत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ''काल दुपारपासून मला केळी नि कापूस सांगतेस होय गं? तुझ्या आईबरोबर मी हळदीकुंकवाला गेलेय.'' आणि त्या ओट्यापासून बाजूला झाल्या. ''मांदेली तूच कर. ती जशी करायची तशी.''

त्या दुपारी जेवणात दोन पदार्थ होते. एक जिताडा. अलिबाग-पेणकडच्या खाडीलगतच्या शेतकऱ्यांकडे शेताशेजारी तळी असतात. पावसाळ्यात खाडीतून मिळालेली जिताड्याची पिल्ले त्यांत सोडतात आणि ती दोन-दोन, तीन-तीन वर्षे वाढवतात. हा मासा म्हणजे त्या भागातली प्रतिष्ठा. जावई आला की जिताडा, आणि एखाद्या कचेरीत काम अडले की साहेबाच्या घरीही जिताडाच, असे तिकडे थट्टेने म्हणतात. काकूंच्या दिरांच्या तळ्यातला होता. जाड, पांढऱ्या, लुसलुशीत तुकड्यांचे ते कालवण उत्तमच होते, त्याबद्दल तक्रार करील तो करंटा.

पण मी भाकरीवर भाकरी घेतली ती मांदेलीबरोबर. बोटाएवढी, सोनेरी झाक असलेली मासळी. तिला हळद, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण आणि कोकम लावायचे, कच्चे तेल घालून हातानेच कालवायचे, पातेल्यात पसरायचे, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यायचे. चमचा घालून ढवळायचे नाही. पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवायचे. वीस वर्षे मी सौ.च्या हातचे जेवतो आहे. आमटीपासून अनारशापर्यंत तिच्या हातचे काय चाखले नाही, ते सांगता येणार नाही असे मला वाटत असे. ही मांदेली मी पहिल्यांदा खाल्ली. बाई लग्न होऊन चारशे किलोमीटर येऊ शकते, तिच्या डोक्यातून कृती येते, डब्यातून कोकमही येते. मांदेली येत नाही. तिला वासाआधी घरात पोचावे लागते, आणि चाळीसगाव त्या अंतरात बसत नाही.

सौ. जेवताना गप्प होती. काकूंनी एक घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाल्या, ''लसूण तिचा जास्त असायचा.''

''हो,'' सौ. म्हणाली. ''यांना चालेल की नाही म्हणून कमी घातला.''

''ते माझ्यावर ढकलू नकोस,'' असे मी म्हणालो, आणि त्या दोघी हसू लागल्या. मग पुढचा तासभर त्या दोघींच्या बोलण्यात मला जागा नव्हती. कोण गेले, कोण आजारी आहे, कुणाच्या वाडीचे काय झाले. घर विकल्याचा विषयही निघाला. काकू म्हणाल्या, ''आमचंसुद्धा विकायचंच चाललं होतं. पाहुणे ठेवायला लागलो म्हणून राहिलं.'' म्हणजे मुंबईच्या ज्या माणसांनी काही वाड्या विकत घेतल्या, त्यांच्याच शनिवार-रविवारच्या जेवणावर दुसऱ्या काही वाड्या तगून आहेत. या विषयावर अर्थशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याने लिहावे. माझा तो प्रांत नाही.

निघताना मी पैशाचे पाकीट काढले. सौ.ची चुळबुळ चालली होती. काकू आता पैसे घेतात की नाकारतात, आणि नाकारले तर काय करायचे, हा पेच मलाही होता. काकूंनी तो सहज सोडवला. खोलीचे, तीन जेवणांचे, न्याहारीचे आणि पोपटीचे पैसे त्यांनी चष्मा लावून नीट मोजून घेतले, वीस रुपये परत दिले. मग आत गेल्या आणि ताम्हन घेऊन आल्या. सौ.ला पाटावर बसवून हळदकुंकू लावले आणि नारळ, तांदूळ, खण घालून तिची ओटी भरली.

परतीला आम्ही पेणच्या रस्त्याने आलो. अलिबाग सोडल्यावर जागोजागी पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात आणि पातीसकट वेणी घालून विकतात. तिखटपणा अगदी थोडा, कच्चाच खावा असा. सौ.ने दोन वेण्या घेतल्या. एक घरच्यासाठी. दुसरी कुणासाठी ते तिने सांगितले नाही. सोमवारी पहाटे गाडीने आम्हाला चाळीसगावला सोडले आणि साडेसातच्या तासाला मी वर्गात हजर होतो.

आईने कांदा चाखला, ''गोड शे'' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या भाकरीबरोबर दुसरा कांदा चालेना. दुसरी वेणी शेजारी गेली. बोंबलाच्या पार्सलाला सगळ्यांत आधी खिडकी लावून घेत ते त्याच घरी.

काकूंचा फोन आता अधूनमधून येतो. त्या आणि त्यांचे यजमान येत्या पौषात चार दिवस आमच्याकडे येणार आहेत. दोघांनी घाटमाथ्यापलीकडचा हा मुलूख कधी पाहिलेला नाही. सौ.ने ओळखीच्या शेतकऱ्याला भरताची वांगी आत्ताच सांगून ठेवली आहेत. मिरच्या किती घालायच्या, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.